जांभळाच्या दिवसांत पुण्यात

काळात मागे जायची सोय झाली तर लोक मोठा दिवस मागतात. कुणाला रायगडावरचा राज्याभिषेक बघायचा असतो, कुणाला शनिवारवाड्याची वास्तुशांत. तुम्ही तसलं काही मागू नका. तुम्ही जून मागा. साल कुठलंही चालेल. मृगाचा एखादा पाऊस पडून गेलेला असावा, आंबा उतरणीला लागलेला असावा आणि वेळ सकाळची असावी, एवढं पुरे. पुण्यात जांभळं खायची ती याच पंधरा-वीस दिवसांत. आधी गेलात तर फळ तांबडं आणि घसा धरणारं. उशीर केलात तर पावसाने फुटलेलं, आत अळी. गडद रंगाचे कपडे घाला, खिशात चिमूटभर मीठ ठेवा आणि निघा.

पहिला मुक्काम १७६१.

तुम्ही उभे आहात पर्वतीच्या पायथ्याला, आंबिल ओढ्याच्या काठी. हे पुणं तुमच्या ओळखीचं नाही. सारसबागेच्या जागी तळं आहे, नानासाहेब पेशव्यांनी ओढ्याला बांध घालून केलेलं. पूर्वी गावातून वाहणारा हा ओढा त्यांनी पश्चिमेकडून वळवून मुठेला नेऊन सोडलाय. कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्याकडे चाललंय. त्याचे उच्छ्वास मधूनमधून उभे दिसतात. पण पाण्याची कामं बघायला तुम्ही आलेले नाहीत. मान वर करा.

ओढ्याच्या दोन्ही अंगांना जांभळी आहेत. खोडाची साल करडी, खाली खडबडीत, पानं चकचकीत, आणि जुन्या, निष्पर्ण डहाळ्यांवर घोसच्या घोस. एका घोसात हिरवं, गुलाबी, तांबडं आणि काळंभोर अशी चारही वयाची फळं एकत्र. जांभळाची हीच खोड आहे. घोस एकदम पिकत नाही आणि झाडावरून काढलेलं कच्चं फळ आढीत घातलं तरी पिकत नाही. म्हणजे आंब्यासारखं एका दिवसात झाड उतरवून मोकळं होता येत नाही. रोज चढायचं आणि काळी झालेली तेवढीच वेचायची.

झाडावर दोन पोरं आहेत, गळ्यात झोळ्या. खाली एक म्हातारी पदर खोचून उभी. मोठा पोरगा शेंड्याकडे सरकतो तशी ती ओरडते, "अरं मुडद्या, पुढं जाऊ नगंस! जांभळीचा भरवसा न्हाई!" ती उगाच ओरडत नाही. जांभळीची फांदी मनगटाएवढी जाड असली तरी वाकून इशारा देत नाही, कडकन मोडते. चिंचेवर, वडावर खुशाल लोंबकळणारी पोरं इथे खोडाला धरून असतात.

तुमच्यासमोर ओंजळभर फळं येतात. दाम विचारू नका, हसतील. झाड ओढ्याचं, ओढा सगळ्यांचा. पहिलं फळ नुसतंच तोंडात टाकलंत तर गोडाच्या मागून तुरटपणा येतो आणि जीभ टाळूला चिकटते. आता खिशातलं मीठ काढा. फळं मिठात घोळून दोन्ही तळव्यांत झाकून चार-पाच वेळा हलवा. साल थोडी फाटते, रस सुटतो, तुरटपणा मागे सरतो. ही युक्ती म्हातारीने तुम्हाला शिकवायची, तुम्ही तिला नव्हे. तेव्हा जरा अडाण्यासारखं तोंड करून उभे राहा.

या झाडांना लावलं कुणी, असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण लावलेलं कुणीच नाही. रात्री वटवाघळं येतात, दिवसा बुलबुल आणि कोकीळ, वरच्या डोंगरात उदमांजर. ती फळ खातात आणि बी टाकतात. राहिलेल्या बिया ओढा वाहून नेतो. जांभळीला पाय पाण्यात राहिले तरी चालतं. चार दिवस बुडाली तरी ती मरत नाही. म्हणून ती काठाकाठाने सरकत जाते. वाडेवाल्यांच्या बागांमध्ये आंबे, फणस, डाळिंबं कौतुकाने वाढतायत. जांभळीला मात्र कुंपणाच्या आत कोणी घेत नाही. जे फुकट मिळतं ते लावायचं कशाला, हा हिशेब पुण्याचा तेव्हापासूनचा.

पुढे ज्याच्याशी जांभळाची गाठ पडणार आहे ते इंग्रजांचं प्लम म्हणजे आपलं आलुबुखार. त्याचीही ओळख या पुण्याला आहे, पण सुकलेल्या रूपात. बुखारा, काबूल, इराण इकडून व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून आलेली ती सुरकुतलेली आंबट फळं तापात चघळायला, चटणीला, मुघलाई धाटणीच्या पदार्थांना. झाड कुणी पाहिलेलं नाही.

इथे फार रेंगाळू नका. पानिपत होऊन पाच महिने झालेत आणि गावातल्या कितीतरी घरांत अजून सुतक संपल्यासारखं वाटत नाही. वर टेकडीवर खुद्द नानासाहेब अंथरुणाला खिळलेले आहेत. २३ जूनला ते जातील. एकदा ओरडून झाल्यावर म्हातारी पोरांना दबक्या आवाजात दटावते आहे ती एवढ्याचसाठी.

पुढचा मुक्काम १८८६, तोही जूनच. शनिवारवाड्यासमोरचं पटांगण. कालच्या पावसाने चिखल झालाय आणि त्या चिखलातच बाजार भरलाय. तिकडे शुक्रवार पेठेत अष्टकोनी मनोऱ्याची मोठी दगडी मंडई जवळपास उभी राहिली आहे. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर लॉर्ड रे तिचं उद्घाटन करतील आणि नाव पडेल रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेत सभासद असताना या खर्चाच्या विरोधात उभे राहिले होते. एवढा पैसा आधी शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे याच इमारतीला त्यांचंच नाव मिळालं. पुण्याची अशी परतफेड करायची पद्धत आहे.

जांभळंवाल्या बायका एका कडेला बसल्यात. मुळशीकडच्या, मावळातल्या, सिंहगडाच्या पायथ्याच्या. रात्री निघून डोक्यावर पाटी घेऊन चालत आलेल्या. पाटीच्या तळाशी ओला पाला, मधे फळं, वर पुन्हा पाला. फळ दबू नये आणि तापू नये म्हणून. कालचं फळ आज मऊ पडतं आणि उद्या आंबतं, त्यामुळे या बाईला आजचा दिवस मावळायच्या आत पाटी रिकामी करायचीच आहे. घासाघीस करताना हे लक्षात ठेवा आणि शक्यतो करू नका.

"घ्या की वो दादा, टप्पोरी हाईत. लेंडी न्हाईत."

लेंडी म्हणजे बारीक जांभूळ, बी मोठी आणि गर नावाला. झाड बीपासून उगवलेलं असलं की हा जुगार आलाच. एकाच ओढ्याकाठच्या दोन झाडांपैकी एकाची फळं लांबट, गरदार आणि दुसऱ्याची लेंडी. कुठलं झाड चांगलं हे फक्त तोडणाऱ्याला ठाऊक असतं आणि ते तो सांगत नाही. ही बाईसुद्धा सांगणार नाही. तिला एक ढब्बू पैसा द्या. ती पळसाच्या पानाचा द्रोण भरते, वरून चार जादा टाकते, खडेमिठाची पुडी बाजूला ठेवते. शेजारी उभा असलेला एक पागोटेवाला तुम्हाला न विचारता सांगतो की जांभळाने पोटात गेलेला केससुद्धा विरघळतो. हो म्हणा. ही समजूत तुमच्या काळापर्यंत येऊन पोचणार आहे, तिला अडवणारे तुम्ही कोण!

१८९७ मध्ये मात्र उतरायचं ते दिवसाउजेडी. गणेशखिंडीत सरकारी वनस्पती उद्यान आहे, १८७३ सालचं. वुड्रो नावाच्या साहेबाने ते वाढवलं. हा गृहस्थ सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. बागकामावर त्याने लिहिलेलं जाडजूड पुस्तक साहेबलोकांत बरंच वापरात होतं. पुढे त्याने आंब्यावर वेगळं पुस्तक लिहिलं. आंब्यावर! जांभळावर अख्खं पुस्तक लिहावं असं त्यालाही वाटलं नाही. बागेत फिरा, सावली छान आहे. २२ जूनच्या संध्याकाळी मात्र गणेशखिंड रस्त्यावर थांबू नका. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ गव्हर्नरच्या बंगल्यात आहे, शहर प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने पिचलंय आणि रस्त्यालगत चापेकर बंधू त्या बंदोबस्ताचा प्रमुख असलेल्या रँडच्या बग्गीची वाट बघत आहेत. पुढचं तुम्ही शाळेत शिकलेले आहात.

त्याच आवारात तीस वर्षं पुढे सरका: १९२७. आता इथे फळझाडांचे पद्धतशीर प्रयोग चाललेत. लखनौकडून आणलेल्या अलाहाबादी पेरूच्या बियांपासून वाढवलेली रोपं ओळीने उभी आहेत आणि डॉ. चीमा यांच्या देखरेखीखाली एकेका झाडाचं फळ चाखून, मोजून, वहीत टिपलं जातंय. यातलंच एक झाड लखनौ-४९ या नावाने निवडलं जाईल, पुढे त्याला सरदार म्हणतील आणि देशभरच्या पेरूच्या बागा त्याने भरून जातील. आज तुम्ही रस्त्याच्या कडेला तिखट-मीठ लावून जो गोल, पांढऱ्या गराचा पेरू खाता, तो बऱ्याचदा या गणेशखिंडीच्या रोपाचा वंशज असतो.

पेरू आणि जांभूळ एकाच कुळातले. मग पेरूचं हे भाग्य जांभळाला का नाही लाभलं? त्या माळ्यालाच विचारा, तो खुरपं खाली न ठेवता सांगेल. पेरू लावल्यापासून दोन-तीन वर्षांत फळ देतो. चांगलं-वाईट कळतं, वाईट उपटून टाकता येतं. बियांपासून लावलेली जांभळी आठ-दहा वर्षांनी पहिलं फळ दाखवते. तोवर साहेबाची बदली होते. पेरूच्या चार-पाच रोपांची जागा एकटी जांभळी अडवते. आणि एवढं करून फळ टिकणार दीड-दोन दिवस. मुंबईच्या गाडीत चढवलं तर उतरेपर्यंत रस गळू लागणार. प्रयोग करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. झाडच तसं चिवट आणि सावकाश. पण परिणाम असा झाला की पेरूची जात तयार झाली, द्राक्षाची झाली, अंजिराच्या बागा पुरंदरात उभ्या राहिल्या, आणि जांभूळ ओढ्याकाठीच राहिलं.

आता सगळ्यांत मोठा मुक्काम, पोटभर थांबायचा. जून १९६१. नारायण पेठेतला एक वाडा, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही पाहुणे म्हणून आलेले आहात; नात्याचा फारसा तपास कोणी करत नाही, कारण वाड्यात सात बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की तुम्ही दुसऱ्याचे.

मागच्या चौकातल्या स्वयंपाकघरात आजी पाटावर बसल्यात. समोर परातीत पाच-सहा शेर जांभळं, सकाळीच मंडईतून आणलेली. पोरांनी निम्मी पळवायच्या आत सरबत करून टाकायचं आहे.

"बसा हो. हात धुतलेत ना? मग हे घ्या पुढ्यात."

फुटकी, अळीची फळं बाजूला काढायची, देठ काढायचे, दोन पाण्यांनी धुवायची. मग कल्हईच्या पातेल्यात घालून मूठभर खडेमीठ आणि फळं जेमतेम भिजतील एवढं पाणी. सून चुकून लोखंडी कढई पुढे करते तर आजी तिला थांबवतात, "अगं, ती नको, शाई होईल." अगदी खरं आहे. जांभळातलं तुरट द्रव्य लोखंडाला लागलं की रस काळा पडतो आणि चवही जाते. पूर्वी दौतीतली शाई हिरडा आणि हिराकस घालून याच तत्त्वावर करत. आजींना रसायनशास्त्र ठाऊक नाही. त्यांच्या सासूने एकदा कढई हिसकावून घेतली होती, तेवढं ठाऊक आहे.

पातेलं मंद आचेवर. उकळी येऊ द्यायची नाही. साल मऊ पडून रंग पाण्यात उतरला की उतरवायचं. गार झाल्यावर हाताने कुस्करायचं. खलबत्ता वापरायचा नाही, कारण बी चेचली गेली तर सगळं कडू. तुम्ही कोपरापर्यंत हात घालता आणि बोटांच्या फटीतून बिया निसटत राहतात, प्रत्येक बीला गराचा एक पातळ थर हट्टाने चिकटलेला. तो सुटेपर्यंत चोळा. आजी मधूनमधून डोकावतात आणि "अजून आहे, अजून आहे" म्हणतात. मग पंच्यातून गाळणं. दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं. खाली पडणारा रस काळसर जांभळा आणि दाट, त्यात एक थेंब लिंबू पडलं की क्षणात लालीवर येतो. हे बघायला वाड्यातली सगळी पोरं जमतात आणि प्रत्येकाला लिंबू स्वतःच पिळायचं असतं. रसाला दीडपट साखर, पाक, बाटल्या, बूच.

बिया कोणी टाकत नाही. त्या राखेने चोळून, धुऊन गच्चीवर गोणपाटावर पसरतात. वाळल्या की वरचं टरफल फोडायचं आणि आतली हिरवट डाळ कुटून वस्त्रगाळ करायची. ती आजोबांसाठी, त्यांना साखरेचा आजार आहे. हा उपाय आयुर्वेदाचा जुना. १९२१ मध्ये इन्सुलिन सापडण्याआधी युरोपातले डॉक्टरसुद्धा मधुमेहावर जांभळाच्या बीची पूड देऊन बघत होते. आजोबा पूड घेतात आणि डॉक्टरांचं औषधही घेतात. तुमच्या काळात पूड घेऊन औषध बंद करणारे जे महाभाग आहेत, त्यांना या आजोबांसमोर आणून बसवायला हवं.

तुमच्या सदऱ्यावर डाग पडलाच. आजी म्हणतात, "मीठ-लिंबू चोळा लगेच. नाही गेला तर हंगाम संपला की आपोआप जाईल." जाणार नाही, पण त्यांना तसं सांगू नका.

संध्याकाळी नदीवर चक्कर मारा. ओंकारेश्वराकडून लकडी पुलाकडे जाताना काठावर जुनी झाडं आहेत, खाली फुटलेल्या फळांचा चिखल. पोरं जिभा बाहेर काढून कुणाची जास्त जांभळी ते ठरवतायत. पानशेतच्या धरणाचं काम अजून चालू आहे, असं वाड्यात कुणीतरी वर्तमानपत्र वाचून म्हणालं होतं. १२ जुलैला ते फुटेल, पाठोपाठ खडकवासलाही, आणि या वाड्यात माळ्यापर्यंत पाणी येईल. तुम्ही काळाच्या पाहुण्यांचा नियम मोडून सांगितलंत तरी कोण ऐकणार? एवढंच करा: जेवणं झाल्यावर आजींना म्हणा, यंदा सरबताच्या बाटल्या लवकर वाटून टाका, लेकीकडे कोथरूडला पाठवा.

पूर ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांत वाडे पडले, पुढे इमारती आल्या. झाडांचं काय झालं, याची नोंद कोणी ठेवल्याचं दिसत नाही. ओढे मात्र बघता बघता अरुंद झाले. कुठे भिंत, कुठे गटाराचं पाणी, कुठे वर स्लॅब. आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आपली जुनी रुंदी परत मागितली तेव्हा माणसं गेली, घरं गेली, गाड्या कागदासारख्या वाहिल्या. मातीला धरून ठेवणारी काठची झाडं असती तर पूर आला नसता असं मी म्हणणार नाही; पाऊसच तसा होता. पण काठ उघडा करून, त्याच्या छातीवर बांधकाम करून आपण काय कमावलं, हा प्रश्न राहतोच. कात्रजजवळच्या जांभूळवाडीत आज जाऊन बघा. तलाव आहे, टोलेजंग इमारती आहेत, हमरस्त्याचा बोगदा जवळच आहे. वाडीला नाव देणाऱ्या झाडांची चौकशी एखाद्या जुन्या माणसाकडेच करावी लागते.

परत या. चालू साल, गुलटेकडीचा मार्केट यार्ड, जून. जांभूळ आहे. प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत, एकसारखं, टपोरं. आलंय कोकणातून, गुजरातेतून, कर्नाटकातून. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, बदलापूरच्यालाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण बहाडोली नावाची जात दिली आहे. ज्या गोष्टीला १९२७ मध्ये कोणाला सवड नव्हती ती आता होते आहे. कलमी झाड चार-सहा वर्षांत फळ देतं, छाटून बुटकं ठेवता येतं, शिडीवरून तोडता येतं. पोरांना शेंड्यावर चढवायला नको. मधुमेहाच्या धास्तीने गिऱ्हाईकही वाढलंय. डबीचा भाव ऐकून १८८६ मधली ती बाई मटकन खाली बसली असती आणि मग उद्यापासून पाट्या दुप्पट आणल्या असत्या.

त्याच गाळ्यावर शेजारी लालबुंद प्लम रचलेले असतात, हिमाचलचे. दोन्ही फळं एकाच महिन्यात पुण्यात भेटतात. ही चकाकी बघून हल्ली काहीजण प्लमचं रोप ऑनलाइन मागवतात आणि बाल्कनीत लावतात. त्यांची निराशा करायला वाईट वाटतं, पण प्लमच्या झाडाला फुलायच्या आधी थंडीची झोप लागते, बहुतेक जातींना सात अंशांखाली शेकडो तास. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो तो काही पहाटे, आणि दहा वाजता स्वेटर काढावा लागतो. झाड जगेल, पानं येतील, दिवाणखान्यातून बरं दिसेल. फळाची वाट बघू नका. आपल्या हवेचं प्लम जांभूळच आहे.

आणि ते लावायला अवघड नाही. मला तरी पुणेकरांची एकच तक्रार वारंवार ऐकू येते: डाग. खाली लावलेल्या गाड्या रंगतात, फरशी खराब होते, म्हणून सोसायटीच्या सभेत झाड छाटायचा ठराव येतो आणि छाटणीच्या नावाखाली झाड संपतं. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे सभेत कुणाला आठवत नाही किंवा सगळ्यांनाच आठवतं. वर्षातले वीस दिवस गाडी दहा हात पलीकडे लावणं हा उपाय मी सुचवून पाहिलाय. लोक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघतात.

तेव्हा जागा आधी नीट निवडा. पार्किंगवर नको, अरुंद पदपथावर नको, भिंतीला खेटून नको. पूर्ण वाढलेल्या झाडाला आठ-दहा मीटरचा घेर लागतो. ओढ्याचा काठ, शाळेचं मैदान, टेकडीचा उतार, सोसायटीचा मागचा कोपरा. जिथे पाणी साचतं म्हणून दुसरं काही जगत नाही अशी जागा असेल तर ती जांभळीला देऊन टाका. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात चांगली माती आणि कुजलेलं शेणखत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायचं, पुढे ती आपलं बघून घेते. मार्च-एप्रिलमध्ये पांढरा मोहर येतो आणि झाड दिवसभर माश्यांनी गुणगुणतं. महाबळेश्वरकडच्या मधपेट्यांत जमणाऱ्या गडद, किंचित कडसर मधात याच मोहराचा वाटा असतो.

फळाची खात्री हवी असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून कलम आणा. नुसतं झाड हवं असेल, सावली आणि पाखरं हवी असतील, तर पैसे खर्च करायचीही गरज नाही. या जूनमध्ये खाल्लेल्या जांभळांपैकी ज्याची चव सगळ्यांत आवडली त्याच्या बिया धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत लावा, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल. दहा-पंधरा दिवसांत अंकुर येतो. एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं येतात. जोमदार एक ठेवा, बाकीची शेजाऱ्यांना द्या. पुढच्या पावसाळ्यात जमिनीत हलवा. फक्त डबीत जपून ठेवलेल्या बिया "नंतर लावू" म्हणून बाजूला सारू नका. जांभळाची बी साधारण दोन आठवड्यांत उगवायची ताकद घालवून बसते.